भरपूर निगा लागणारं कुत्रं आणि आई-बाबांचा नकार: कोल्हापुरातल्या मुलामुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी गुळ्या नावाचा गोल्डन रिट्रीव्हर आहे. गुळाचा रवा (ढेप) फोडल्यावर आत जो रंग दिसतो, तो त्याचा रंग, म्हणून हे नाव. येत्या दिवाळीत तो चार वर्षांचा होईल. त्याला घरी आणायला मला चौदा महिने लागले, आणि त्यातले बारा-तेरा महिने आई "नाही"च म्हणत होती. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. राजारामपुरीत आमचं जुनं घर आहे, खाली दोन खोल्या, वर दोन, मागे धुण्याच्या दगडापुरतं परसू. घरात आई, बाबा, आजी आणि मी.

गुळ्याला फिरवताना कॉलेजची मुलं थांबवून विचारतात, मामे-चुलत भावंडं फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा सगळी उत्तरं सविस्तर लिहून ठेवते.

घरात विषय कधी काढावा?

रविवारी दुपारी, जेवणं आवरल्यावर, सगळे निवांत असताना. पाहुणे आलेले असताना कधीच नको. पाहुण्यांसमोर आई-बाबांनी एकदा नकार दिला की तो मागे घेणं त्यांना जड जातं. निकाल लागल्यावर "आता मला कुत्रं द्या" असं तर मुळीच म्हणू नका. कुत्रं बक्षीस म्हणून मागितलं की घरचे त्याच्याकडे मोबाइलसारखं बघतात. दोन महिन्यांत हौस फिटेल, असं त्यांना वाटतं.

आधी आईला सांगू की बाबांना?

आईला. आमच्याकडे बहुतेक मुलं आधी बाबांना पटवतात आणि बाबांकरवी आईवर दबाव आणतात. मीही तेच केलं होतं. बाबा तीन दिवसांत तयार झाले आणि आईने दोन आठवडे माझ्याशी नीट बोलणं टाकलं. तिचं म्हणणं सरळ होतं, "तुम्ही दोघांनी ठरवलं, आणि घाण काढायची मी." तिचं चुकत नव्हतं. ज्या माणसाच्या डोक्यावर काम पडणार, त्याला पहिल्यांदा विचारायचं असतं. तुमच्या घरी ते काम आजी करणार असेल तर आजीला विचारा, वहिनी करणार असेल तर वहिनीला.

विचारलं. सरळ "नाही" म्हणाले. पुढे काय?

रुसू नका आणि लगेच दुसऱ्या दिवशी परत विचारू नका. "का नाही?" हेही विचारू नका, कारण त्यावर "नाही म्हटलं ना" एवढंच उत्तर येतं. मी आईला असं विचारलं, "कुत्रं आलं तर तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होईल?" मग ती बोलायला लागली. भाजी निवडता निवडता तिने एकामागोमाग एक सगळं सांगितलं आणि मी गप्प बसून वहीत उतरवलं. घरभर केस. वास. परीक्षेच्या दिवसांत किंवा मी आजारी पडले तर त्याला फिरवणार कोण. गावच्या जत्रेला, लग्नाकार्याला गेलो तर ठेवायचं कुठे. आजीचं देवघर. औषधपाण्याचा खर्च. शेजारच्या लहान पोराला चावलं तर. आणि शेवटी, आवाज खाली आणून, "उद्या ते मेलं तर मला बघवणार नाही. लहानपणी आमच्याकडं होतं एक."

हे शेवटचं कारण मला तोवर माहीतच नव्हतं. ती चिडत होती ते केसांवरून, पण आत दुसरंच काही होतं. म्हणून सांगते, पूर्ण यादी येऊ द्या, मध्ये बोलू नका. "मी करेन की सगळं" हे वाक्य त्या दिवशी तोंडातून काढू नका. प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी हेच म्हणते आणि प्रत्येक आईला त्याचा शेवट माहीत असतो.

त्यानंतरचे महिने ती यादी एकेक करून सोडवण्यात घालवायचे. खाली बरेचसे प्रश्न त्या यादीतूनच आले आहेत.

मी खरंच काम करेन हे पटवायचं कसं?

कुत्रं येण्याआधी काम सुरू करून. दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

मी साठ दिवसांचं ठरवलं. पहाटे सव्वापाचला उठायचं, बाहेर पडायचं आणि पाऊण तास चालून यायचं, कुत्र्याशिवाय. संध्याकाळी परत पाऊण तास. रात्री झोपण्याआधी खालच्या दोन्ही खोल्या झाडून पुसून घ्यायच्या, कारण कुत्रं आल्यावर ते रोज करावंच लागणार. कोणाला काही सांगितलं नाही. पहिले आठ दिवस आईला वाटलं मी बारीक व्हायच्या मागे लागलेय. जुलै होता, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, रंकाळ्यावर छत्री उलटी होत होती. तिसऱ्या आठवड्यात ताप आला आणि दोन दिवस चुकले. ते दोन दिवस मी वहीत लाल पेनाने लिहिले, कारण आईच्या यादीत "आजारी पडलीस तर?" हे होतंच आणि त्याचं उत्तर तोवर माझ्याकडे नव्हतं. मग मी चुलतभावाशी बोलले आणि ठरवलं की मी आजारी असेन तेव्हा तो येईल, त्याच्या बदल्यात त्याच्या धाकट्या बहिणीचा गणिताचा अभ्यास मी घेईन. आजही ती बोली चालू आहे.

साठ दिवस झाल्यावर वही आईसमोर ठेवली. ती काही बोलली नाही, पण वही तिने पानं उलटून वाचली.

दुसरी गोष्ट, शक्य असेल तर एखाद्या मित्राचं कुत्रं आठ दिवस घरी ठेवून घ्या. माझ्या मैत्रिणीच्या घरचे दिवाळीत गावी जात होते, त्यांचा लॅब्राडोर आम्ही आमच्याकडे आणला. फटाक्यांचा आवाज झाला की तो बाथरूममध्ये जाऊन नळाखाली बसायचा आणि थरथरायचा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मी त्याच्याजवळ फरशीवर चटई टाकून बसले होते. साडेअकराला आई आली, दाराशी उभी राहिली, खोलीची खिडकी लावून घेतली, फटीत जुनं लुगडं खोचलं आणि गेली. होकार यायला त्यानंतरही पाच महिने लागले. पण त्या आठ दिवसांत तिने केस पाहिले, वास घेतला, किती खातो ते पाहिलं. ऐकीव भीतीच्या जागी आता तिच्याकडे खरी माहिती होती. मलाही कळलं की मोठं कुत्रं पट्टा ओढतं तेव्हा खांदा किती दुखतो.

मला सायबेरियन हस्कीच हवा आहे. घरचे म्हणतात इथल्या उन्हात जगणार नाही. त्यांचं खरं आहे का?

बरंचसं खरं आहे. माझाही पहिला हट्ट हस्कीचाच होता, त्यामुळे हे लिहिताना मला तुमची बाजू पूर्ण कळते. ते निळे डोळे फोटोत पाहिल्यावर दुसरं काही सुचत नाही.

हस्की ही सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरून घसरगाड्या ओढण्यासाठी घडवलेली जात. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, वर लांब राठ आणि आत लोकरीसारखा दाट. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा थंड होण्याचा मुख्य मार्ग, आणि हवेत दमटपणा वाढला की तोही नीट चालत नाही. कोल्हापुरात एप्रिलमध्ये पारा ३८-३९ अंशांपर्यंत जातो, मग वळवाच्या आधी दोन-तीन दिवस जी घुसमट होते ती आपल्यालाच सोसवत नाही. कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या पुढे गेलं की उष्माघात, आणि मग मिनिटामिनिटाला जिवाचा धोका वाढतो.

"एसी लावू की" असं मुलं म्हणतात. एसी लावता येतो. पण हस्कीला रोज दीड-दोन तास पळायला लागतं, ते खोलीत कसं होणार? ऊर्जा साठली की तो रडतो, कोल्ह्यासारखं लांब ओरडतो, माती उकरतो, भिंतीवरून उडी मारतो. राजारामपुरीच्या गल्लीत रात्री दोनला तो आवाज म्हणजे शेजाऱ्यांशी कायमचं वैर. काहीजण उन्हाळ्यात त्याचे केस मशीनने काढून टाकतात. तसं करू नका. तो थर उन्हापासूनही त्याला वाचवतो आणि एकदा मुळापासून कापला की पुन्हा नीट येईलच असं नाही.

इथे हस्की पाळणारे लोक आहेत आणि त्यातले काही फार मनापासून पाळतात. पण पहिलंच कुत्रं, घरात एसी एका खोलीत, तुम्ही दिवसभर कॉलेजला, असं असेल तर आई-बाबांच्या "नाही"ला माझा दुजोरा आहे.

मग निगा लागणाऱ्या जातींपैकी इथे काय जमेल?

लॅब्राडोर आणि गोल्डन जमतात, पण उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. जर्मन शेफर्ड जमतो, मात्र त्याला रोज डोक्याला काम लागतं, नुसतं बांधून ठेवलं की तो चिडका होतो. शिह त्झू छोट्या घरात बसतो, पण त्याचे केस वाढतच राहतात. रोज विंचरणं आणि दीड-दोन महिन्यांनी कापणं सुटत नाही. कॉकर स्पॅनिअलचे कान पावसाळ्यात जपावे लागतात. पग आणि बुलडॉग यांची नाकाडं चपटी, त्यांना उन्हाळ्यात श्वास घेणंच कष्टाचं. मी तरी घेणार नाही. रॉटवायलर, पिटबुल पहिलं कुत्रं म्हणून अजिबात नको.

सेंट बर्नार्ड या थंड प्रदेशातल्या अगडबंब कुत्र्याचं नावही घरात काढू नका.

केसांचं नेमकं किती काम असतं?

गोल्डनचं सांगते. रोज वीस मिनिटं विंचरणं. वर्षातून दोनदा आतला थर गळतो तेव्हा चाळीस मिनिटं, आणि तेव्हा प्रत्येक वेळी उशी भरेल एवढे केस निघतात. साध्या कंगव्याने फक्त वरचे केस सुटतात. बारीक तारांचा स्लिकर ब्रश आणि आतल्या थरासाठी लांब दातांचा फणी-ब्रश, दोन्ही लागतात. कानामागे, काखेत आणि मागच्या पायांच्या झालरीत गुंता होतो, तिथे बोटांनी आधी मोकळं करायचं. मी हे परसात दगडावर बसून करते, घरात कधीच नाही. आईच्या यादीतला पहिला मुद्दा होता तो.

खरी परीक्षा पावसाळ्यात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर अंगण वाळत नाही, तर कुत्र्याचा आतला थर कुठून वाळणार? गोल्डन मुळात स्कॉटलंडमध्ये शिकारीत पडलेले पक्षी पाण्यातून आणण्यासाठी तयार केलेली जात, त्यामुळे पाणी दिसलं की तो आत शिरणारच. पहिल्या पावसाळ्यात मी गुळ्याला वरवर टॉवेलने पुसून घरात घेत होते. वरून हात लावला तर कोरडा. एका गुरुवारी तो गालाखाली सारखा खाजवायला लागला. केस बाजूला करून पाहिलं तर रुपयाएवढी जागा लालभडक, ओली, चिकट, आणि केस त्यात चिकटलेले. संध्याकाळपर्यंत ती पुरीएवढी झाली. डॉक्टरांनी त्या भागाचे केस काढले, औषध दिलं, गळ्याला प्लास्टिकचा शंकू घातला आणि सांगितलं की ओल राहिल्याने असं होतं. तेव्हापासून फिरून आलं की दोन टॉवेल, मग थंड हवेवर ब्लोअर, आणि बोटं कातडीपर्यंत नेऊन कोरडं आहे का पाहणं. पावसाळ्यात या कामाला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास जातो. आई-बाबांना हा आकडा आधीच सांगा, लपवू नका.

गोचिडांचंही याच दिवसांत. दर महिन्याला डॉक्टरांनी दिलेलं औषध, आणि रोज बोटांच्या बेचक्यात, कानात तपासणी. गोचीडतापाने कुत्री दगावतात. जेवण सोडलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

खर्च किती सांगू?

खरा सांगा. मी बाबांना महिन्याचा हिशेब दिला होता तो हा: खाणं साडेचार हजार, गोचिडाचं औषध, शाम्पू आणि किरकोळ मिळून हजार. शिवाय वर्षाच्या लसी आणि जंताची औषधं वेगळी, आणि अचानक आजारपणासाठी बाजूला पंचवीस हजार. पहिल्या वर्षी हिशेब चुकला, कारण पिल्लाने चपला, चार्जर आणि बाबांचा चष्मा खाल्ला.

पिल्लाच्या किमतीपेक्षा त्याला सांभाळण्याचा खर्च मोठा असतो. मी दोन वर्षं शिकवण्या घेऊन ते पंचवीस हजार जमवले होते आणि पासबुक बाबांच्या हातात दिलं. बाबांचं मन तिथे वळलं असं ते स्वतः सांगतात. तुम्ही कमवत नसाल तर निदान तुमचा कोणता खर्च कमी करणार ते सांगा, आणि तीन महिने आधीपासून कमी करून दाखवा.

आजी म्हणते देवघरात शिरेल, सोवळं मोडेल.

आजीशी वाद घालू नका. "कुत्रं तर दत्ताच्या पायाशी असतं" हा मुद्दा मीही काढला होता. आजी म्हणाली, "पायाशीच असतंय, मांडीवर न्हाई." त्यापुढे मला बोलता आलं नाही.

आम्ही देवघराच्या खोलीला गुडघ्याच्या वर येईल असं लाकडी अर्धं दार बसवून घेतलं. सुताराला मी पैसे दिले. स्वयंपाकघराचा उंबरा हीसुद्धा हद्द ठरली. पिल्लू आल्यापासून पहिल्या आठवड्यातच मी त्याला उंबऱ्याशी बसायला शिकवलं, बसलं की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, ओलांडलं की काही नाही. कुत्र्याला हद्द कळते, फक्त घरातल्या सगळ्यांनी तीच पाळायला हवी. एकाने लाडाने आत घेतलं की संपलं.

"शिकायला पुण्याला गेलीस तर? लग्न झालं तर?" याला काय उत्तर द्यायचं?

हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि आई-बाबांना तो विचारायचा पूर्ण हक्क आहे. गोल्डन दहा ते बारा वर्षं जगतो, हस्की बारा-चौदा, शिह त्झू त्याहूनही जास्त जगू शकतो. तुम्ही आज अठरा-एकोणीसचे असाल तर तिशीपर्यंतची गोष्ट बोलताय. त्या काळात शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं येतं. आणि आपल्याकडे मुलीला हा प्रश्न जरा जास्तच टोचून विचारतात. माझ्या चुलतभावाला कोणी विचारलं नसतं. तरी उत्तर द्यावं लागतंच.

मी तीन गोष्टी लिहून दिल्या. पुढचं शिक्षण मी कोल्हापुरातच घेणार, शिवाजी विद्यापीठात मला हवा तो अभ्यासक्रम आहे. नोकरीसाठी बाहेर पडले तर कुत्र्यासह राहता येईल अशीच जागा घेईन, नाहीतर ती नोकरी नाही. आणि लग्नाचं म्हणाल तर पहिल्याच भेटीत सांगेन की मी एकटी येणार नाही. आई तेव्हा हसली नाही, रागावलीही नाही. "लिहून दिलंयस, लक्षात ठेव" एवढंच म्हणाली.

तुम्ही बारावीत असाल आणि पुढच्या वर्षी बाहेर जाणार हे ठरलेलं असेल, तर आत्ता कुत्रं मागू नका. तुम्ही ते स्वतःसाठी मागताय आणि सांभाळायला आई-बाबांना देताय. मला कोणी अशा परिस्थितीत सल्ला विचारला तर मी स्पष्ट नाही म्हणते, त्यांना वाईट वाटलं तरी.

बाबा म्हणतात, "आणूया की, पण शेतावर बांधूया." हो म्हणू का?

नको. शेतावर राखणीला कुत्रं ठेवण्यात गैर काही नाही, पण त्यासाठी गावठी कुत्रं किंवा कारवानी (आपल्याकडची सडपातळ शिकारी जात) उत्तम. आतल्या थराचे केस असलेलं, माणसांत राहण्यासाठी घडवलेलं कुत्रं उसाच्या कडेला साखळीने बांधलं तर त्याला गोचीड खातील, रोज कोणी विंचरणार नाही आणि ते एकटेपणाने खंगेल. होकार मिळतोय म्हणून कुठलाही होकार घेऊ नका.

आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो. सोसायटी परवानगी देईल का?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही. पण कायदा दाखवून सुरुवात करू नका. खालच्या-वरच्या शेजाऱ्यांना आधी भेटा, लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा आणि शी उचलायला पिशवी कायम खिशात ठेवा. महापालिकेच्या नोंदणीची चौकशी करा, रेबीजच्या लसीचा दाखला जपून ठेवा.

पिल्लू कुठून घ्यावं?

घाई करू नका. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात काय चालतं ते मी पाहिलंय. एका विक्रेत्याने मला जे पिल्लू दाखवलं ते महिन्याभराचं होतं, नीट उभंही राहत नव्हतं, आणि त्याची आई कुठे आहे विचारल्यावर "बेळगावला" असं उत्तर आलं. पिल्लू इतकं गोड होतं की परत येताना मी बसमध्ये रडले. पण घेतलं नाही.

आई प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. ती घाबरट आहे का, अंगाने भरलेली आहे का, राहते ती जागा स्वच्छ आहे का ते पाहा. लॅब, गोल्डन आणि शेफर्ड यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष पिढीजात येतो, म्हणून दोन्ही पालकांचे एक्सरे काढलेत का ते विचारा. केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद असेल तर मायक्रोचिपचा नंबर जुळवून बघा. त्या कागदाने वंश कळतो, तब्येत कळत नाही.

आणि शक्य असेल तर आई-बाबांना सोबत न्या. बाबा तिथे पैदास करणाऱ्याला जे प्रश्न विचारतात ते आपल्याला सुचतही नाहीत.

आपल्या घरचं जेवण चालेल?

काही चालतं, बरंच चालत नाही. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी आहेत, म्हणजे तांबडा रस्सा, पांढरा रस्सा दोन्ही बाद. शिजवलेली हाडं दाताखाली टोकदार फुटतात आणि आतड्यात रुततात. रविवारी मटणाचं ताट पुढ्यात असताना त्याच्या डोळ्यांकडे न बघणं जमायला हवं. मनुका, बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट कधीच नाही. हे पाहुण्यांनाही सांगावं लागतं.

दुधाचं एक सांगते. गुळ्या आला त्या आठवड्यात बाबा कौतुकाने गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गेले आणि म्हशीचं धारोष्ण दूध घेऊन आले. पैलवान पितात तर हा का नको, असं त्यांचं म्हणणं. वाटीभर दूध त्याने घटाघटा प्यायलं आणि पुढचे दोन दिवस त्याला जुलाब. बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. नुसत्या दूध-चपातीवर वाढवलेल्या मोठ्या जातीच्या पिल्लांची हाडं कच्ची राहतात, आणि मनाने कॅल्शियमचं औषध पाजलं तर तेही बाधतं. पहिलं वर्ष मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाद्य द्या, बाकी डॉक्टरांना विचारून.

पूर आला तर?

कोल्हापुरात हा प्रश्न विचारणारे आई-बाबा शहाणे आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. तुमचं घर पाणी येणाऱ्या भागात असेल तर ३९ ऐकल्यावरच कुत्र्याची सोय लावा, कारण बोटीत तीस किलोचं घाबरलेलं कुत्रं चढवणं फार अवघड. उंचावरच्या भागातल्या एका नातेवाइकाशी आधीच बोलून ठेवा. पट्टा, लसीचं कार्ड, चार दिवसांचं खाणं एका पिशवीत तयार असू द्या. पुराच्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, त्याची लस वर्षाच्या लसींमध्ये असते, ती चुकवू नका.

ही सगळी तयारी लिहून तो कागद मी आईला जूनमध्ये दिला. तिने तो फ्रीजच्या दारावर लावला, अजून तिथेच आहे.

चावेल, रेबीज होईल ही भीती कशी घालवायची?

भीती खरी आहे, ती खोटी ठरवायला जाऊ नका. लसीकरणाचं वेळापत्रक दाखवा: सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढच्या, तिसऱ्या महिन्यात रेबीज आणि नंतर डॉक्टर सांगतील तसं दरवर्षी. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर उतरवू नका, पार्वो या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. कोणतंही कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) गाठायचं, हळद-चुना काही लावायचा नाही. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं.

न सांगता पिल्लू आणून ठेवलं तर? एकदा बघितलं की विरघळतील.

विरघळतीलही. आणि नाही विरघळले तर त्या पिल्लाला आठ दिवसांत दोन घरं बदलावी लागतील. असं करू नका.

सगळं करूनही नाहीच म्हणाले तर?

तर थांबा. हस्की किंवा गोल्डनच हवा की कुत्रं हवं, हे एकदा स्वतःशी बघा. गल्लीतलं एखादं पिल्लू दत्तक घ्यायला बरेच आई-बाबा तयार होतात, कारण त्याचे केस आखूड, त्याला इथली हवा मानवते आणि त्याचं दुखणंखुपणं कमी. कारवानीचा विचार करा. शेजारच्या कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे संस्थानाने वाढवलेली हीच जात मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जाते. २००५ मध्ये टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं होतं. अंगावर एकच पातळ थर, विंचरायला आठवड्यातून दोनदा पाच मिनिटं पुरे. मात्र पळायला मोकळं रान लागतं, तेवढं देता येत असेल तरच.

आई अजूनही गुळ्याला मांडीवर घेत नाही. तिने तसं कधी कबूलही केलं नव्हतं. माझ्याकडून मी त्यावर कधी आग्रह धरलेला नाही, आणि तुम्हीही धरू नका.

हो म्हणाले! पहिल्या रात्री काय करायचं?

त्याचं अंथरूण तुमच्या अंथरुणाशेजारी, हात पोचेल इतकं जवळ. त्याच्या आईच्या अंगाखालचं फडकं मागून आणलं असेल तर ते आत ठेवा. ते रडेल, कारण भावंडांशिवाय ते पहिल्यांदाच झोपतंय. अशा वेळी नुसता हात ठेवा, उचलून घरभर फिरवू नका. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तासांच्या वर लघवी धरता येत नाही, म्हणून रात्री बाराला, तीनला आणि पहाटे सहाला गजर लावा आणि प्रत्येक वेळी त्याच एका जागी बाहेर न्या. तरीही फरशीवर होईल. जुनी फडकी, पाण्याची बादली आणि विजेरी उशाशी ठेवूनच झोपा, म्हणजे दिवे लावून घर जागं करावं लागणार नाही. सकाळी आई उठेल त्याआधी फरशी कोरडी झालेली असू द्या.